सामाईक विस्तव: खान्देशातील खापर, बेकरी आणि भरीत

मुक्ताबाईंना मांडे भाजण्यासाठी खापर मिळू दिले नाही, ही कथा मराठी घरांत लहानपणीच कानावर पडते. संन्याशाची मुले म्हणून वाळीत टाकलेल्या चार भावंडांपैकी ही धाकटी बहीण कुंभारवाड्यात गेली, पण विसोबा चाटींनी कुंभारांना आधीच दटावून ठेवले होते. ती रिकाम्या हाताने परतली. मग ज्ञानेश्वरांनी जठराग्नी प्रदीप्त केला आणि त्यांच्या पाठीवर मांडे भाजले गेले, असे संतचरित्रांची परंपरा सांगते.

चमत्कार सर्वांच्या लक्षात राहतो. इतिहासाच्या दृष्टीने मात्र त्याआधीचा तपशील अधिक बोलका आहे. या कथेत भावंडांचे धान्य कोणी हिरावून घेत नाही. अडवले जाते ते भाजण्याचे साधन. घरातले पीठ घरचेच असते. पण त्याचे अन्न होण्यासाठी कुंभाराचे भांडे, गावाची विहीर, शेजारचा विस्तव अशा अनेक परक्या वस्तू लागतात, आणि वाळीत टाकण्याची शिक्षा नेमकी तिथेच चालते. खुद्द विसोबा पुढे ज्ञानेश्वरांना शरण गेले आणि नामदेवांचे गुरू म्हणून ओळखले गेले, हा त्या कथेचा उत्तरार्ध.

परंपरेनुसार १२९७ मध्ये तापीकाठी वीज कडाडली आणि मुक्ताबाई अंतर्धान पावल्या. त्यांची समाधी जळगाव जिल्ह्यात आहे, आणि पूर्वीचे एदलाबाद आज त्यांच्याच नावाने मुक्ताईनगर म्हणून ओळखले जाते. याच जिल्ह्यात आणि शेजारच्या धुळ्यात आजही खापरावर मांडे भाजले जातात, हिवाळ्यात शेतात भरिताच्या पंगती उठतात, आणि दिवाळीच्या तोंडावर गल्लीतल्या बेकरीपुढे तुपाचे डबे घेऊन रांगा लागतात. कोणाच्या विस्तवावर कोणी भाजायचे आणि ते कोणी खायचे, या प्रश्नाचा माग खान्देशात काढला, तर तो खापरापासून बेकरीच्या भट्टीपर्यंत आणि तिथून भरिताच्या शेतापर्यंत जातो.

आधी खापर. पालथ्या घातलेल्या मोठ्या मडक्यासारखे हे भांडे चुलीवर चढते आणि त्याच्या बाहेरच्या फुगीर अंगावर पोळी भाजली जाते. कणीक वस्त्रगाळ लागते. ती भिजवून, तिंबून, आपटून इतकी लवचिक करावी लागते की पुरण भरलेला उंडा हातांवर झेलत झेलत कोपरापर्यंत पसरला तरी फाटू नये. पोळी ताटाहून मोठी होते आणि अलगद खापरावर पडते. एकटीचे हे काम नव्हे. एक उंडा भरते, दुसरी पसरवते, तिसरी विस्तव सांभाळते. जाळ जरा वाढला की पातळ पोळी करपते आणि उतरला की ती चिवट होते. शहरात गॅसवर चढवलेली खापरे आता दिसतात, परंतु लाकडाच्या जाळाचा पसरट ताप त्यांना मिळत नाही, अशी जाणत्या बायांची तक्रार असते.

या पोळीचा मोठा दिवस म्हणजे आखाजी, अर्थात अक्षय्य तृतीया. पितरांच्या नावाने घागर भरायची, सासुरवाशिणींनी माहेरी यायचे, झाडाला झोके बांधायचे, गौराईची गाणी म्हणायची आणि आमरसाबरोबर पुरणपोळी खायची, असा हा खान्देशचा सण आहे. त्याला आणखी एक बाजू आहे, आणि ती सणाच्या वर्णनांत सहसा येत नाही. शेतात वर्षभरासाठी बांधलेल्या सालदाराचे साल आखाजीला संपे आणि आखाजीलाच नवे सुरू होई. हिशेब, उचल, नवा करार हे सारे त्याच दिवसाच्या आगेमागे. एकाच पोळीवर माहेरचा आनंद आणि मजुराचा करार दोन्ही येऊन बसत. पंगतीत कोण कुठे बसणार, हे मात्र पोळीच्या पिठात नव्हे, जातीच्या उतरंडीत ठरलेले असे.

आता जरा दूरच्या वाटेवर. सुरतेहून बुऱ्हाणपूरला जाणारा जुना व्यापारी मार्ग खान्देशातूनच जात असे. सतराव्या शतकातील फ्रेंच जवाहिऱ्या ताव्हर्निये याने आपल्या प्रवासात नवापूर, नंदुरबार, थाळनेर, चोपडा असे मुक्काम नोंदवले आहेत. नवापूरच्या तांदळाला कस्तुरीचा वास येतो, असेही तो कौतुकाने लिहितो. मार्गाच्या टोकाला असलेले बुऱ्हाणपूर हे फारुकी सुलतानांचे राजधानीचे शहर. त्यांची आरंभीची सत्ता आजच्या धुळे जिल्ह्यातील थाळनेरला रुजली होती आणि त्यांच्या कबरी तिथे अजून उभ्या आहेत. १६०१ मध्ये अकबराने अशीरगड घेतला आणि हे राज्य संपले. बुऱ्हाणपूरचे मांडे मात्र टिकले. तिथे ते भल्या मोठ्या रोटीचे रूप घेऊन बाजारात विकले जातात. एकच नाव, एकच पालथे भांडे. इकडे स्वयंपाकघरातला सण, तिकडे बाजारातला रोजचा धंदा.

घराबाहेरच्या विस्तवावर, परक्या हातांनी भाजलेली भाकरी विकत घेऊन खाणे ही गोष्ट या मार्गावरच्या शहरांना म्हणून नवी नव्हती. मार्गाच्या दुसऱ्या टोकाला, सुरतेत, डच वखारीसाठी पाव भाजणारी भट्टी होती. १८२४ च्या इंग्रज-डच तहानंतर डच सुरतेतून गेले. जाताना ती भट्टी त्यांनी फरामजी पेस्तनजी दोटीवाला या पारशी कारागिराकडे सोपवली, असे सुरतेची परंपरा सांगते. शिळा पाव वाळवून टिकाऊ करण्याच्या खटपटीतून तिथे कोरडे, खुसखुशीत पदार्थ निघाले आणि नानकटाईचा लौकिकही सुरतेशीच जोडला गेला. ‘नान’ हा फारसीतला भाकरीसाठीचा शब्द. उरलेल्या अर्ध्या नावावर अभ्यासकांचे एकमत नाही.

इथे एक प्रश्न उभा राहतो. पाव युरोपीयांनी आणला, म्हणून तो परका आणि अपवित्र ठरला, असे सरसकट सांगितले जाते. पण मिरचीही त्याच जहाजांतून आली. अमेरिका खंडातली ही वनस्पती सोळाव्या शतकात पोर्तुगीजांमार्फत भारतात आली आणि बघता बघता इतकी घरची झाली की उपवासाच्या ताटातही तिला मज्जाव उरला नाही. शेंगदाणा आणि बटाटा हेही त्याच खंडातले. आज त्यांच्याशिवाय उपवासच होत नाही. तेव्हा परकेपणा हे खरे कारण असू शकत नाही.

खरे कारण हात आणि पाणी. मिरची कच्ची येते आणि घरच्या चुलीवर शिजते. पाव मात्र दुसऱ्याने भिजवलेला, आंबवलेला, भाजलेला असा तयार हाती येतो. पोर्तुगिजांनी विहिरीत पाव टाकला, ते पाणी नकळत प्यालेली गावे बाटली, ही वसई-गोव्याकडची लोककथाही पाण्याभोवतीच फिरते. प्रवासाला निघताना मराठी घरांत दशम्या बांधून देत, त्यांचे पीठ पाण्याऐवजी दुधात मळलेले असे. पाण्याचा स्पर्श नसल्याने त्यांना खरकट्याचा दोष लागत नसे. दूध आणि तूप चालते, पाणी चालत नाही. हा नियम लक्षात ठेवला की पुढचा बराच इतिहास उलगडतो.

एकोणिसाव्या शतकात पाव हे बंडखोरीचे हत्यारही झाले. दादोबा पांडुरंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १८४९ मध्ये मुंबईत स्थापन केलेली परमहंस सभा गुप्त होती. जातिबंधन झुगारल्याची खूण म्हणून तिच्या सभासदांना ख्रिस्ती माणसाने केलेला पाव खावा लागे. सभासदांची यादी बाहेर फुटल्याचा बोभाटा झाला आणि सभा विस्कटली. पुढे १८९० मध्ये पुण्यात पंचहौद मिशनमधल्या चहा-बिस्किटांनी गदारोळ उठवला. रानडे आणि टिळक या दोघांचीही नावे त्या चहापानाच्या यादीत होती, आणि प्रायश्चित्ताचा वाद दोघांनाही चुकला नाही. बिस्किटाचा एक तुकडा आज हास्यास्पद वाटतो. तेव्हा त्यापायी घरात लग्नकार्याला भटजी मिळेनासा होई. दिल्लीत १८९८ मध्ये ‘हिंदू बिस्किट कंपनी’ या नावाचा कारखाना निघाला, यावरून बिस्किटाचा खप आणि त्याची भीती दोन्ही किती वाढले होते याची कल्पना येते.

खान्देशात या साऱ्याची वाट रेल्वेने मोकळी केली. १८६० च्या दशकात लोहमार्ग चाळीसगाव, जळगावमार्गे भुसावळला आला. भुसावळचे मोठे जंक्शन झाले, इंजिनांचे कारखाने आले, आणि त्यांच्याबरोबर अँग्लो-इंडियन, पारशी, गोव्याकडचे ख्रिस्ती असे नोकरवर्ग वसले. त्यांच्या न्याहारीला पाव लागे. खान्देशात पावाची रोजची मागणी प्रथम कुठे तयार झाली असेल, तर ती या रेल्वेवसाहतीतच, असे मानायला भरपूर जागा आहे. १९०० मध्ये चाळीसगाव-धुळे फाटा सुरू झाला. त्याच सुमारास तापी खोऱ्यातील रेल्वेने सुरत आणि अमळनेर जोडले गेले. म्हणजे नानकटाईच्या शहरापासून खान्देश आता बैलगाडीच्या मुक्कामांनी नव्हे, गाडीच्या वेळापत्रकाने जोडला गेला. १९०६ मध्ये खान्देश जिल्ह्याचे पूर्व आणि पश्चिम असे दोन भाग झाले. जळगाव आणि धुळे ही दोन्ही मुख्यालये कचेऱ्या, शाळा, वसतिगृहे, गिरण्या यांनी वाढू लागली. चहा आला, आणि चहात बुडवायला काहीतरी हवे झाले.

बेकरीची जुनी भट्टी म्हणजे विटांची, बुटक्या घुमटाची खोली. तिच्या पोटातच लाकडे पेटवायची, विटा तापून पांढुरक्या झाल्या की निखारे बाजूला ओढायचे आणि साठलेल्या उष्णतेवर माल भाजायचा. ताप एकदा चढला की तो हळूहळू उतरतच जातो, आणि बेकरीची सारी कला या उतरणीशी बांधलेली. कडक तापावर पाव. तो निघाला की मध्यम तापावर खारी आणि बिस्किटे. नानकटाईला सौम्य ताप लागतो, नाहीतर ती वरून लाल होते आणि आत कच्ची राहते. अगदी शेवटी, भट्टी निवत आली की कापलेल्या पावाचे टोस्ट आत सरकतात आणि रात्रभर वाळतात. लाकूड एकदाच जळते, माल चार प्रकारचा निघतो. लांब दांड्याच्या लाकडी फळीने पत्रे आतबाहेर करणारे कारागीर बऱ्याच ठिकाणी मुस्लिम असत, आणि आजही असतात.

या उतरत्या तापाच्या फटीतच मराठी घराने बेकरीशी आपला करार केला. घरचे पीठ, घरचे तूप, घरची दळलेली साखर, वेलची, हे सारे डब्यात भरून बेकरीत न्यायचे. कारागीर ते आपल्या हाताने फेसून, वळून, पत्र्यांवर मांडून भाजून देणार आणि किलोमागे भाजणावळ घेणार. आपल्या डब्यांवर नाव घालायचे, पत्रे मोजून घ्यायचे, आणि आपले तूप दुसऱ्याच्या घाण्यात जाऊ नये म्हणून तिथेच बसून राहायचे. उन्हाळ्याच्या सुट्टीत आणि दिवाळीच्या आधी हा कार्यक्रम जळगाव-धुळ्याच्या गल्ल्यांत वर्षानुवर्षे झाला. रात्री उशिरापर्यंत बायका पाळीची वाट पाहत, मुले पहिल्या पत्र्यातल्या तुटक्या नानकटाया पळवत.

पावाला शतकभर दार बंद होते आणि नानकटाई मात्र थेट दिवाळीच्या फराळात जाऊन बसली, हे कसे घडले? तिच्या घटकांकडे पाहावे. पीठ, तूप, साखर. पाणी नाही, आंबवण नाही, अंडे नाही. दशमीला जो न्याय लागू होता तोच तिला लागू झाला. शिधा घरचा, पाण्याचा स्पर्श नाही, आणि भाजणारा अग्नी सर्वांना शुद्ध मानायचाच. सोवळ्याच्या नियमांत राहूनच परक्या भट्टीचा उपयोग करून घेण्याची ही शहाणी पळवाट होती, असा तर्क यावरून करता येतो. कोणी ठरवून तो नियम केला नसेल. पण ज्या पदार्थाने एकही जुना नियम मोडला नाही, तो पदार्थ सर्वांत आधी आत आला. १९३७ मध्ये डालडा बाजारात आला, तेव्हा तुपाची अडचणही सुटली आणि साध्या घरांनाही नानकटाई परवडू लागली.

पावाला मात्र वाट पाहावी लागली. ज्वारी-बाजरीच्या या प्रदेशात गहू बहुशः सणाचा होता. १९५६ नंतर अमेरिकेतून पीएल-४८० करारांखाली गहू येऊ लागला, स्वस्त धान्य दुकानांतून तो भाकरीच्या घरांतही शिरला, आणि गव्हाची सवय रोजची झाली. त्यापुढे पावाचे नवल उरले नाही.

परंतु विस्तव सामाईक झाला म्हणून पाणीही झाले, असे नव्हे. नानकटाई नेणाऱ्या याच आगगाड्यांच्या स्थानकांवर ‘हिंदू पाणी’ आणि ‘मुसलमान पाणी’ वेगवेगळे दिले जाई. आणि ज्यांच्या हातचे पाणी कोणत्याच घागरीत चालत नव्हते, त्यांची गोष्ट निराळीच. १९२९ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकर सरकारी समितीचे सदस्य म्हणून धुळ्याला आले होते. परतताना ते चाळीसगावला उतरले, कारण तिथल्या अस्पृश्य बांधवांनी एका रात्रीच्या मुक्कामाचा आग्रह धरला होता. स्थानकावरून वस्तीत नेण्यासाठी एकही टांगेवाला तयार होईना. अखेर तोड निघाली ती अशी: टांगा भाड्याने देऊ, पण हाकणार नाही. हाकण्याची सवय नसलेल्या माणसाने टांगा हाकला, तो पुलाजवळ उलटला आणि बाबासाहेब जबर जखमी झाले. ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ या लेखनात त्यांनी हा प्रसंग नोंदवला आहे.

बेकरीतल्या कराराशेजारी हा करार ठेवून पाहावा. तिथे वस्तू आपली आणि हात परका, इतकी सवलत समाजाने स्वतःला दिली होती. इथे वस्तू द्यायला हरकत नव्हती, पैसेही हवे होते, फक्त हात द्यायचा नव्हता. सवलती कोणासाठी आणि किती, हे ठरवणारे लोक दोन्हीकडे तेच. खान्देशच्या खाद्यजीवनाचे गोडवे गाताना चाळीसगावचा हा टांगा विसरला जाऊ नये.

या भिंतीला धक्के देणारेही याच मातीत होते. साने गुरुजी १९२४ ते १९३० या काळात अमळनेरच्या प्रताप हायस्कुलात शिक्षक होते आणि तिथल्या वसतिगृहाची जबाबदारी त्यांच्याकडे होती; पुढे १९४७ मध्ये पंढरपूरचे मंदिर सर्वांना खुले व्हावे म्हणून त्यांनी प्राण पणाला लावले. महाराष्ट्रात अन्यत्र समतानंद अनंत हरी गद्रे यांनी झुणका-भाकरीची सहभोजने भरवली. जे साधे अन्न प्रत्येक घरात होते, तेच सर्वांच्या देखत एका पंगतीत खायचे, एवढीच त्या कार्यक्रमाची मागणी होती आणि तेवढीच अनेकांना झेपत नव्हती. डिसेंबर १९३६ मध्ये यावल तालुक्यातल्या फैजपूरला काँग्रेसचे अधिवेशन भरले. खेड्यात भरलेले हे पहिलेच अधिवेशन. अध्यक्ष जवाहरलाल नेहरू, आणि ग्रामोद्योगांच्या प्रदर्शनाचे उद्घाटन गांधीजींच्या हस्ते. हजारो माणसे दूरदूरच्या प्रांतांतून खान्देशच्या एका खेड्यात येऊन राहिली आणि जेवली. आधीच्या पिढीला हे अशक्य वाटले असते.

फैजपूरहून जवळच बामणोद आहे, आणि बामणोद म्हणताच खान्देशी माणसाला अधिवेशन नव्हे, वांगे आठवते. बामणोद, आसोदा, भादली या पट्ट्यातले भरिताचे वांगे फिकट हिरवे, पांढऱ्या रेषांचे, लांबट आणि चांगले मोठे असते. बी कमी, साल पातळ. भाजल्यावर ती हातासरशी निघते आणि आतला गर लोण्यासारखा सुटतो. जळगावच्या या भरीत वांग्याला आणि जळगावच्या केळीला, दोहोंना २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले.

वांगे या भूमीत फार जुने आहे. पण आज ज्याला अस्सल खान्देशी भरीत म्हणतात, त्याची चव निम्मी वांग्याची आणि निम्मी इंधनाची. ते कपाशीच्या वाळलेल्या पऱ्हाट्यांवर भाजतात. पऱ्हाटी भरकन पेटते, मोठा जाळ देते आणि लवकर विझते. वांग्याला बाहेरून झपाट्याने चटका बसतो आणि धुराचा वास आत मुरतो. कोळशावर मंद भाजलेल्या वांग्याला ती चव येत नाही. आता खान्देशात कपाशीचे रान माजले ते प्रामुख्याने १८६१ ते १८६५ च्या अमेरिकी यादवी युद्धाच्या काळात. तिकडचा कापूस थांबला, मँचेस्टरच्या गिरण्यांनी भारताकडे मोर्चा वळवला, खान्देशात भाव कडाडले, आणि त्याच दशकात आलेल्या रेल्वेने गाठोडी थेट मुंबईला पोचवली. कापूस गिरणीत गेला आणि काड्या शेतात उरल्या. दरवर्षी हिवाळ्यात बांधाबांधावर एवढे फुकटचे, भरभरून जळणारे सरपण असणे, ही त्या कापूस-अर्थव्यवस्थेचीच देणगी. भरतात पडणारी मिरची आणि शेंगदाणे अमेरिका खंडातले, आणि त्याखालचा जाळही एका अमेरिकी युद्धाच्या कृपेने वाढलेला. ‘अस्सल’ या शब्दाचा वापर जपून करावा तो यासाठी.

करण्याची रीत साधी आहे. भाजलेली वांगी सोलून लाकडी भांड्यात घालतात आणि लाकडी दांड्याने ठेचतात; पितळी किंवा लोखंडी भांड्याचा स्पर्श जाणकारांना रुचत नाही. हिरव्या मिरच्या आणि लसूण त्याच जाळावर भाजून ठेचल्या जातात. पातीचा कांदा, शेंगदाणे, खोबऱ्याचे काप, कोथिंबीर, वरून तेलाची खमंग फोडणी. सोबत ज्वारी आणि उडीद एकत्र दळून केलेल्या कळण्याची भाकरी किंवा पुरी. शेतातल्या भरीत-पार्टीत विस्तव बहुधा पुरुषांच्या ताब्यात असतो आणि तिथे ते मोठ्या अधिकाराने सूचना देतात. घरी परतल्यावर तो अधिकार चुलीपाशी मावळतो.

पन्नास माणसांची वांगी एका जाळावर भाजली जातात तेव्हा कोणाचे वांगे कोणते, हे सांगता येत नाही. बेकरीत पत्रे मोजून घेता येतात, भरतात तशी सोय नाही. सगळा गर एकाच भांड्यात पडतो, एकाच दांड्याने ठेचला जातो. जुन्या पंगतींत वाढप्याची जात विचारली जाई. मित्रमंडळींच्या आणि कचेरीतल्या सहकाऱ्यांच्या भरीत-पार्टीत तो प्रश्न निदान उघडपणे विचारता येत नाही, इतका बदल झाला आहे. कोणाला निमंत्रण जाते आणि कोणाला जात नाही, हा प्रश्न अजून शिल्लक आहे.

गेल्या काही वर्षांत हा विस्तव मैदानावर आला. डिसेंबर २०१८ मध्ये विष्णू मनोहर यांनी जळगावात सुमारे अडीच हजार किलो भरीत एकाच वेळी शिजवून दाखवले आणि ते पाहायला व खायला शहर लोटले. बहिणाबाई महोत्सवात बचत गटांच्या बाया खापरावरची पोळी, कळण्याची भाकरी, शेवभाजी, भरीत हे सारे गाळ्यांतून विकतात. ज्यांच्या नावाने हा महोत्सव भरतो त्या बहिणाबाई चौधरी आसोद्याच्या. १८८० ते १९५१ हा त्यांचा काळ. अक्षरओळख नव्हती, आणि त्यांच्या कविता पुस्तकरूपाने निघाल्या त्या १९५२ मध्ये, मृत्यूनंतर. घरातल्या चुलीपुढचे जे काम पिढ्यान्‌पिढ्या बिनमोल होते, त्याला या गाळ्यांत प्रथमच किंमत लागली आणि पैसे बाईच्या हातात पडले. उत्सवी रोषणाईपेक्षा या व्यवहाराची नोंद अधिक महत्त्वाची आहे.

बेकऱ्यांचे चित्र संमिश्र आहे. पाकिटातली बिस्किटे खेड्यापर्यंत पोचली, घरोघरी लहान ओव्हन आले, विजेच्या आणि गॅसच्या भट्ट्यांनी लाकडाची जागा घ्यायला सुरुवात केली. मुंबई उच्च न्यायालयाने जानेवारी २०२५ मध्ये मुंबईतील लाकूड-कोळशाच्या भट्ट्या सहा महिन्यांत स्वच्छ इंधनावर नेण्याचे आदेश दिले; धुराचा प्रश्न खरा आहे आणि तो लहान शहरांतही आज ना उद्या विचारला जाणार. गॅसच्या भट्टीचा ताप बटणाने चढतो-उतरतो, त्यामुळे पावानंतर खारी, खारीनंतर नानकटाई हा जुना क्रम पाळण्याचे कारण उरत नाही.

तरीही दिवाळीच्या आधीच्या आठवड्यात जळगाव आणि धुळ्याच्या जुन्या वस्त्यांतून डबे निघतातच. भाव किलोवरच ठरतो, पाळी लागते, पत्र्यांवर नावाच्या चिठ्ठ्या पडतात. पीठ-तूप घरचे असावे हा आग्रह कायम आहे, फक्त त्याचे कारण विचारले तर आता सोवळ्याचे नाव कोणी घेत नाही, भेसळीचे घेतात.